भारंगी नव्हे

क्यूच्या वनस्पती-संग्रहात माझं टेबल खिडकीशी.
डोक्यावरून दर दोन मिनिटांनी हीथ्रोचं विमान उतरतं
आणि मी स्कॅनरखाली एकेक कागद सरकवते :
वाळलेलं झाड,
उजव्या कोपऱ्यात त्याचा जन्मदाखला.

हा कागद आंबा घाटातला, सन अठराशे अडुसष्ट.
निळी फुलं आता चहाच्या डागाच्या रंगाची.
गळलेल्या पाकळ्या एका पुडीत, अंगाऱ्याची बांधतात तशी.
लेबलावर साहेबाचं वळणदार अक्षर :
भारंगी. मग लॅटिन नाव. मग स्वतःचं.
आणणारा : एक देशी माणूस.

भोवती चिठ्ठ्याच चिठ्ठ्या डकवलेल्या.
लायडनचा कोणी म्हणतो, कूळ चुकलं.
सेंट पीटर्सबर्गचा म्हणतो, कूळ बरोबर, जात चुकली.
एकोणीसशे सदतीस साली व्हिएन्नाहून कोणी बाई येते,
जांभळ्या शाईत नुसतं प्रश्नचिन्ह काढून जाते.
कुणी कुणाचं खोडलेलं नाही.
इथला रिवाजच तो : आधीच्याची चूक झाकायची नाही,
शेजारी आपली चिकटवायची.
(माझ्या माहेरी हा रिवाज असता
तर निम्मी भांडणं कोर्टात गेली नसती.)

दोन वर्षं आम्ही हे झाड फिरवतोय,
पाळण्याखालून, पाळण्यावरून
बाळ द्यावं-घ्यावं तसं.
प्रागचा ओंद्रेय नखाएवढं पान मागून घेतो,
दळून त्यातून गोत्र काढतो.
बेलेमची ज्युसारा परागकणांची चित्रं पाठवते,
तिच्याकडे वीज गेलेली असते.
कोलकात्याचे सान्याल पुन्हा पुन्हा विचारतात,
काडी चौकोनी की गोल?
आता कसं सांगणार?
दीडशे वर्षं दाबल्यावर सगळंच सपाट होतं.

मार्चमधल्या एका दुपारी कागद उचलला, ऊन तिरकं पडलं,
आणि फांदीच्या आडून पेन्सिलीची एक ओळ वर आली.
ब्रॉन्विन प्रॉसरने भिंग लावलं.
म्हणाली, मुळांचे ठसे असतील.
मुळं नव्हती. मोडी होती.
आणि मलाही वाचता येईना.
पणजोबांच्या हातवळणाकडे मी पाहत राहिले
ब्रॉन्विन माझ्या डब्याकडे पाहते तशी,
आदराने, काही न कळता.

फोटो धुळ्याला धाडला. विश्राम खैरनार,
निवृत्त तलाठी, लोकांना जुने दस्त वाचून देतात.
तासाभरात उत्तर :
'भारंगी नव्हे. काडी गोल आहे. साहेबास सांगितले.'
खाली त्यांचं स्वतःचं :
'फी नको. झाड कसलं आहे?'

ती ओळ इंग्रजीत करून सगळ्यांना पाठवली.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग सान्याल : सांगितले होते!
मग ओंद्रेय : माझ्या यंत्राला अकरा महिने लागले.

नियम स्पष्ट आहे. पेन्सिलीची ओळ म्हणजे प्रकाशन नव्हे.
त्याचं नाव झाडामागे लागणार नाही.
नाव तर त्याने दिलंही नव्हतं,
चुकीचं तेवढं परत केलं होतं.
आणि स्वतःचं लिहायला
पेन्सिल पुरली नाही, की कुणी हाक मारली,
की लिहायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही.

मी एक चिठ्ठी टंकली. भारंगी नव्हे.
मोडी वाचन : वि. खैरनार, धुळे.
तारीख, माझी आद्याक्षरं.
साहेबाच्या लेबलाशेजारी लावली, त्याला न झाकता,
वर शिशाची पिशवी ठेवली डिंक सुकेपर्यंत.

नव्या नावाचं घोडं अजून अडलेलं.
ज्युसाराला गोल काडी हवी, ओंद्रेयला घाट.
आत्या कोण, यावरच वाद चाललाय.
आणि खैरनारांना मी उत्तर दिलेलं नाही.
लिहिते, पुसते.
काका, झाड तेच आहे,
घाटात बहुतेक अजून उभं असेल.
कसलं, ते आम्ही
ठरवतोय.